रिवा देल गार्डा : तळ्याकाठच्या गजबजाटाची पार्श्वभूमी

इटलीतल्या गार्डा सरोवराच्या उत्तर टोकाला वसलेल्या रिवा देल गार्डा या गावात जून ते सप्टेंबर या काळात उतरायला जागा मिळणे अवघड असते. दुपारी वारा सुटला की पाण्यावर शिडांची दाटी होते, संध्याकाळी बंदरालगतच्या चौकात खुर्ची मिळत नाही, आणि तरीही या गर्दीत मोटारबोटींचा आवाज जवळजवळ नसतो. आलेल्या पाहुण्याला हे सारे निसर्गाने दिलेले वाटते. प्रत्यक्षात येथील वारा आणि कडे सोडले, तर पाहुण्याच्या वाट्याला येणारी बहुतेक प्रत्येक गोष्ट, म्हणजे येण्याचा रस्ता, चौकाचे नाव, पाण्याची पातळी आणि त्यावरची शांतता, कुणीतरी कधीतरी घेतलेल्या निर्णयातून आली आहे. आणि त्यांतले कित्येक निर्णय गावाबाहेर, व्हिएन्ना, रोम किंवा व्हेरोना यांच्या गरजेपोटी झालेले आहेत.

प्राचीन काळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. रिवाच्या पश्चिमेला डोंगरात असलेल्या लेद्रो तलावाचे पाणी १९२९ मध्ये वीजनिर्मितीसाठी उतरवले, तेव्हा काठच्या चिखलातून कांस्ययुगीन वस्तीचे दहा हजारांहून अधिक लाकडी खांब उघडे पडले. आल्प्सच्या परिसरातील अशा वस्त्यांसह हे स्थळ २०११ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. मध्ययुगात रिवा ट्रेंटोचे धर्मगुरू-राजे, व्हेरोनाचे सरदार, मिलान आणि व्हेनिस यांच्यात हात बदलत राहिले. पाण्याने वेढलेला किल्ला आणि चौकाच्या कोपऱ्यावरचा ३४ मीटर उंचीचा आपोनाले मनोरा ही त्या काळाची खूण आहे.

त्या शतकांतली एकच घटना येथे सविस्तर सांगायला हवी, कारण तिचा संबंध पुढच्या एका वादाशी आहे. १४३९ च्या हिवाळ्यात मिलानच्या फौजांनी सरोवराचा दक्षिण भाग अडवला असताना व्हेनिसने आपले आरमार आदिजे नदीतून उलट्या दिशेने मोरी गावापर्यंत आणले, तेथून लहानमोठी तीसेक गलबते बैलांच्या आणि माणसांच्या बळावर जमिनीवरून ओढली, वाटेतला लोप्पिओ तलाव पाण्यातून पार केला आणि शेवटी सान जोव्हान्नी खिंडीतून तीव्र उतारावर दोर सैल सोडत ती रिवाशेजारच्या तोर्बोले येथे पाण्यात उतरवली. या आरमाराची पहिली लढाई व्हेनिस हरले, पण पुढच्याच वर्षी रिवा त्यांच्या ताब्यात आले आणि १५०९ पर्यंत राहिले. नदी आणि सरोवर यांच्यामधल्या या अरुंद पट्ट्याचे महत्त्व तेव्हाच सिद्ध झाले होते.

आज आपल्याला दिसणाऱ्या पर्यटनस्थळाचा पाया ऑस्ट्रियाच्या राजवटीत घातला गेला. नेपोलियनच्या युद्धांनंतर हा प्रदेश हाब्सबुर्ग घराण्याच्या तिरोल प्रांतात आला आणि १९१८ पर्यंत तेथेच राहिला. गावची बोली इटालियन, सरकारी सत्ता जर्मन भाषकांची, आणि सरोवराचा मोठा भाग आधी त्याच साम्राज्यात व नंतर परक्या राज्यात, अशी ही स्थिती होती. पूर्वी रिवाहून लेद्रो खोऱ्यात जायला अवघड डोंगरवाट होती. १८५१ मध्ये पोनालेचा रस्ता खुला झाला. सरोवरावर सरळ उभ्या असलेल्या कड्यात खोदलेला हा रस्ता खोऱ्यातल्याच एका व्यापाऱ्याच्या आग्रहातून झाला होता, आणि साम्राज्याच्या योजनांच्या यादीत ही एक गोष्ट अशी आहे की तिचे श्रेय स्थानिकांना नि:संकोच द्यावे. आज तो वाहनांना बंद आहे. त्यावरून पायी आणि सायकलने जाणाऱ्यांना एका बाजूला खडकातले ओबडधोबड बोगदे आणि दुसऱ्या बाजूला थेट खाली निळे पाणी दिसते.

१८५९ मध्ये पश्चिम काठ सार्डिनियाच्या, म्हणजे पुढे इटली झालेल्या राज्यात आणि १८६६ मध्ये पूर्व काठ इटलीच्या राज्यात गेला. १८६६ च्या युद्धात इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गॅरिबाल्डीचे स्वयंसेवक लेद्रो खोऱ्यातून थेट रिवाच्या दिशेने सरकत होते आणि २१ जुलै रोजी बेत्सेक्का येथे त्यांची सरशीही झाली. पण वरून माघारीचा हुकूम आला आणि ट्रेंटिनो, म्हणजे रिवा ज्यात येते तो ट्रेंटोभोवतीचा प्रदेश, ऑस्ट्रियाकडेच राहिला. सरहद्द त्यामुळे रिवाच्या दक्षिणेला, चालत काही तासांच्या अंतरावर येऊन थांबली. इटलीकडून गाव तोडले गेले, मात्र त्याच कारणाने ते व्हिएन्ना, प्राग आणि म्युनिककरांसाठी आपल्या ओळखीच्या मुलुखातले, पासपोर्टाच्या कटकटीविना गाठता येणारे दक्षिणेचे दार झाले. ऑलिव्हची झाडे, लिंबाच्या बागा आणि सौम्य हिवाळा यांचे आकर्षण उत्तरेकडच्या लोकांना आधीपासून होतेच. एका थोर जर्मन कवीने १७८६ च्या सप्टेंबरमध्ये तोर्बोलेला मुक्काम केला होता. दक्षिणेकडे निघालेली त्याची होडी उलट्या वाऱ्यामुळे व्हेनिसच्या हद्दीतल्या मालचेझिनेला लागली, आणि तेथे किल्ल्याचे चित्र काढताना लोकांनी त्याला हेर समजून घेरले.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी या आकर्षणाला व्यवसायाचे रूप आले. शेजारचे आर्को हे फुप्फुसाच्या रुग्णांसाठी हिवाळी विश्रांतीचे ठिकाण म्हणून नावाजले. रिवामध्ये १८८८ पासून निसर्गोपचाराचे एक आरोग्यधाम चालू झाले, जेथे मोकळ्या हवेतल्या लाकडी खोल्या, सूर्यस्नान, मोजका आहार आणि सरोवरावर नाव वल्हवणे हेच औषध असे. १८९१ च्या जानेवारीत मोरी-आर्को-रिवा ही सुमारे २४ किलोमीटरची अरुंद रेल्वे सुरू झाली आणि ब्रेनर खिंडीतून येणारा प्रवासी एकदा गाडी बदलून लोप्पिओ तलावाच्या कडेने थेट सरोवरावर उतरू लागला. १८९९ मध्ये काठावर मोठे हॉटेल उभे राहिले. प्रागमध्ये विमा खात्यात नोकरी करणारा एक जर्मन भाषक लेखक १९०९ आणि १९१३ मध्ये येथे येऊन गेला, आणि त्याच्यासारखे थकल्याभागल्या मनाचे कितीतरी लेखक, संगीतकार, अधिकारी या गावाने सांभाळले. त्या पंचवीस वर्षांत रिवाने आतिथ्याची जी सवय अंगी बाणवली, तिच्यावरच गाव आजही जगते, असे माझे मत आहे. जर्मन भाषकांची आजची गर्दी हा काही विमान कंपन्यांनी घडवलेला नवा प्रकार नाही.

त्याच वर्षांत गावाला लागून असलेल्या मोंते ब्रिओने या डोंगराच्या कण्यावर ऑस्ट्रियाने किल्ल्यांची साखळी पुरी केली, हे पाहुण्यांच्या आठवणींत फारसे येत नाही. मे १९१५ मध्ये इटली युद्धात उतरली तेव्हा रिवा आघाडीवर आले. नागरिकांना साम्राज्याच्या आतल्या भागांत, अनेकांना लाकडी छावण्यांत हलवले गेले, आणि आरोग्यधामांच्या जागी तोफखाना आला. चौकाचे ‘३ नोव्हेंबर’ हे नाव १९१८ मधल्या त्या दिवसाचे आहे, ज्या दिवशी शस्त्रसंधीवर सह्या झाल्या आणि इटालियन सैन्य ट्रेंटोमध्ये शिरले. आईस्क्रीम खात त्या पाटीखाली बसणाऱ्यांपैकी कित्येकांच्या आजे-पणज्यांच्या देशाने हे गाव त्याच दिवशी गमावले होते.

नव्या राजवटीने दिशा बदलली. आता गाव दक्षिणेकडे जोडायचे होते. पूर्व काठाचा रस्ता १९२९ मध्ये आणि पश्चिम काठाचा गार्ग्नानो ते रिवा हा रस्ता ऑक्टोबर १९३१ मध्ये खुला झाला. सत्तरहून अधिक बोगदे असलेल्या या दुसऱ्या रस्त्याआधी त्याच काठावरच्या लिमोने गावाहून रिवाला येण्याचा नेहमीचा मार्ग पाण्याचाच होता. लेद्रोच्या पाण्यावर चालणारे पोनालेचे वीजकेंद्र याच सुमारास काठावर उभे राहिले. मोटारी आल्या आणि १९३६ मध्ये रेल्वे बंद झाली. आज उन्हाळ्यातल्या शनिवारी तोर्बोलेच्या वरच्या नागो गावाच्या उतारावर खोळंबलेली वाहनांची रांग पाहिली, की तो निर्णय किती घाईचा होता हे कळते.

यानंतरचा निर्णय सर्वांत वादाचा ठरला, आणि सहलीच्या माहितीत तो जवळजवळ कधीच येत नाही. व्हेरोना शहर आदिजेच्या काठावर आहे आणि १८८२ च्या सप्टेंबरमध्ये तिच्या महापुराने शहराची भयंकर हानी केली होती. नदीकाठी उंच भिंती बांधल्या गेल्या, तरी धोका टळला नव्हता. आदिजे मोरीजवळून वाहते, सरोवर तिच्यापासून फक्त दहा किलोमीटरवर आणि सुमारे शंभर मीटर खाली आहे. मग पुराचे जादा पाणी डोंगरातून बोगदा काढून सरोवरात का सोडू नये, असा हा विचार. मार्च १९३९ मध्ये काम सुरू झाले, युद्धामुळे थांबले, १९५४ मध्ये पुन्हा हाती घेतले गेले आणि १९५९ मध्ये संपले. बोगदा जवळपास १० किलोमीटर लांब आहे, त्याची क्षमता सेकंदाला ५०० घनमीटर आहे आणि त्याचे तोंड तोर्बोलेजवळ सरोवरात उघडते. म्हणजे व्हेनिसने गलबते ओढून नेली त्याच पट्ट्याखालून आता पाणी न्यायचे ठरले.

या योजनेच्या बाजूचा युक्तिवाद भक्कम आहे. गार्डाचे क्षेत्रफळ सुमारे ३७० चौरस किलोमीटर आहे. बोगदा पूर्ण क्षमतेने चोवीस तास वाहिला, तरी ४ कोटी ३२ लाख घनमीटर पाण्याने पातळी जेमतेम बारा सेंटिमीटर वाढते. तेवढ्यात लाखभर लोकांची घरे वाचत असतील, तर नाही कसे म्हणावे? १९६६ च्या नोव्हेंबरमधल्या महापुरात बोगदा उघडला गेला, आणि व्हेरोना त्यामुळे बचावले असे मानले जाते. बोगद्याचे नदीकडचे मुख प्रवाहात ट्रेंटोच्या खालच्या बाजूला असल्याने त्याचा उपयोग ट्रेंटोला होऊ शकत नव्हता. ४ नोव्हेंबर रोजी ते शहर पाण्याखाली गेले. त्यानंतर २००० मध्ये आणि २९ ऑक्टोबर २०१८ च्या वादळी रात्रीही दरवाजे उघडावे लागले. एवढ्या दशकांत मोजक्याच वेळा त्याचा वापर झाला आहे, हेही खरे.

परंतु सरोवराकाठच्या लोकांचा आक्षेप सेंटिमीटरांपुरता नाही. पुराची आदिजे थंड, गढूळ आणि वाटेतल्या गावांचा, शेतांचा कचरा घेऊन येते. हे पाणी ज्या सरोवरात शिरते त्याची कमाल खोली ३४६ मीटर आहे आणि तेथले सारे पाणी बदलायला हिशेबाप्रमाणे सुमारे २६ वर्षे लागतात. आत आलेले लवकर बाहेर पडत नाही. बाहेर जाण्याची वाट एकच, दक्षिणेला पेस्किएराजवळची मिंचो नदी, आणि तिच्यातून सोडता येणारे पाणी बोगद्यातून येऊ शकणाऱ्या पाण्याच्या मानाने पुष्कळच कमी असते. सरोवर आधीच भरलेले असताना बोगदा उघडला, तर दक्षिणेकडच्या सपाट काठांवर ते थोडे सेंटिमीटरही जाणवतात. दरवाजा उघडायचा निर्णय व्हेरोनातला धोका पाहून होतो आणि तपकिरी पाण्याचा लोट तोर्बोलेच्या किनाऱ्यासमोर पसरतो. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. तरीही ज्याच्या दारात पाणी सोडायचे त्याचे मत किती मोजले जाते, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार काठच्या गावांना आहे, आणि तो त्यांनी दर मोठ्या पावसात विचारलाही आहे.

लोप्पिओ तलावाची बाजू मांडायला मात्र कुणीच नव्हते. बोगद्याच्या खोदकामात खडकातले झरे तुटले आणि १९५६ मध्ये हा तलाव आटला. १४३९ मध्ये आरमार ज्यावरून गेले आणि १८९१ नंतर रेल्वेच्या खिडकीतून प्रवाशांना जो दिसे, तो तलाव दूरच्या शहराच्या सुरक्षेसाठी, कुणाचाही तसा हेतू नसताना, नाहीसा झाला. मोरीहून तोर्बोलेला येणारी सायकलवाट आज त्याच्या कडेने जाते. तेथे वेत आणि पाणथळ गवत आहे, मधोमध सान्त आंद्रेआ नावाचे एकेकाळचे बेट टेकडीसारखे उभे आहे, आणि त्यावर मध्ययुगाच्या आरंभीच्या तटबंदीचे अवशेष उत्खननात मिळाले आहेत. फार पाऊस झाला तर काही काळ पाणी परत येते. आता ही जागा संरक्षित आहे. रिवाला जाणाऱ्याने हा थांबा चुकवू नये, असे मी आवर्जून सांगेन.

दुसऱ्या महायुद्धानंतरचा बाकीचा इतिहास तुलनेने सरळ आहे. हवेने बरे होण्यासाठी येणारे गेले आणि हवेशी खेळण्यासाठी येणारे आले. रात्रीपासून सकाळपर्यंत उत्तरेकडून ‘पेलेर’ वाहतो, दुपारी दक्षिणेकडून ‘ओरा’ सुटतो, आणि उंच कड्यांमधल्या चिंचोळ्या भागात दोन्हींना जोर चढतो. शिडाच्या होड्यांचा संघटित खेळ येथे १९२८ पासून आहे. विंडसर्फिंगने तोर्बोलेचे नाव युरोपभर नेले. ईस्टरच्या सुमारास लहान मुलांच्या शेकडो होड्या एकाच वेळी पाण्यावर उतरतात. आर्कोच्या कड्यांवर १९८७ पासून प्रस्तरारोहणाच्या नामांकित स्पर्धा होत आल्या आहेत. ट्रेंटिनोच्या हद्दीतल्या पाण्यात खासगी मोटारबोटींना बंदी आहे, फक्त प्रवासी बोटी आणि आवश्यक सेवा चालतात. दक्षिणेकडच्या दोन प्रांतांत अशी सरसकट बंदी नसल्याने सरोवरावर प्रांताची हद्द ओलांडली, की इंजिनांच्या आवाजावरूनच ते समजते. धंदा बुडेल अशी भीती अशा बंदीबाबत नेहमी व्यक्त होते. रिवाच्या बाबतीत मात्र तिच्यामुळेच शिडांना मोकळे पाणी मिळाले आणि हंगाम वसंतापासून शरदापर्यंत लांबला.

सतराएक हजार वस्तीच्या गावावर या यशाचा ताण उघड दिसतो. घरभाडी, रस्त्यांवरची कोंडी आणि संपूर्ण सरोवराभोवती आखलेला सायकलमार्ग हे आजचे वादाचे विषय आहेत. त्यांतला सायकलमार्ग विशेष नाजूक आहे, कारण रिवाच्या दोन्ही बाजूंना काठ असा नाहीच, सरळ कडे आहेत, आणि त्यांना लटकता मार्ग बांधायचा तर दगड कोसळण्याचा धोका, खर्च आणि कड्यांचे रूप या तिन्हींची किंमत मोजावी लागते. दक्षिणेला लिमोनेजवळ असा पाण्यावर झुकलेला एक टप्पा २०१८ मध्ये खुला झाला आणि त्यावर पहिल्या दिवसापासून गर्दी उसळली. उरलेला दुवा रिवापर्यंत आणायचा की त्या टप्प्यात बोटीचीच सोय वाढवायची, यावर काठच्या गावांत अजून एकमत झालेले नाही.