केस गुळगुळीत होतात, पण कशाने?

डोक्यावरचा एक केस चिमटीत धरा आणि मुळाकडून टोकाकडे बोटं सरकवा. अलगद घसरतात. आता टोकाकडून मुळाकडे या. बारीकशी खरखर लागते. केसावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात, त्यांची तोंडं टोकाकडे असतात, म्हणून हा फरक. ऊन, ब्लीच, रंग आणि रोजचा ड्रायर यांनी हे खवले उचकटले की केस एकमेकांत अडकतात, पिंजारलेले दिसतात, चमक जाते. मग कुणीतरी सुचवतं, पार्लरमध्ये जाऊन केराटिन ट्रीटमेंट करून घे.

केस बहुतांशी केराटिन या प्रथिनाचाच असतो. नखं, शिंगं, पिसं, लोकर हीही त्याच कुळातली. त्यामुळे ‘गेलेलं केराटिन परत भरायचं’ हे पटकन पटतं. पण हे अर्धंच खरं आहे. या ट्रीटमेंटच्या बाटलीत असतात ते बहुधा लोकर किंवा पिसांपासून काढलेल्या केराटिनचे तुकडे. अगदी लहान तुकडे केसात शिरतात, मोठे वरवर बसतात, आणि नुसते लावले तर काही धुण्यांत निघून जातात. मग महिनोन्‌महिने टिकणारा गुळगुळीतपणा येतो कुठून?

तो येतो रसायन आणि उष्णता यांच्या जोडीतून. लेप लावून केस वाळवतात आणि सुमारे 230 अंश सेल्सियसला तापलेला स्ट्रेटनर एकेका बटेवरून पुन्हा पुन्हा फिरवतात. या प्रकाराची सुरुवात ज्या रसायनावर झाली ते फॉर्माल्डिहाइड. शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक वर्षानुवर्षं टिकायचा तो ज्या फॉर्मालिनमध्ये, ते म्हणजे पाण्यात विरघळलेलं फॉर्माल्डिहाइडच. ते प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना टाचून टाकतं. केस सरळ ताणलेला असताना हे टाके पडले की तो काही महिने तसाच राहतो.

फायदा खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. गुंता कमी होतो, विंचरताना केस कमी तुटतात, लवकर वाळतात. रीबॉन्डिंग या केस सरळ करण्याच्या दुसऱ्या पद्धतीत केसातले गंधकाचे बंध मुद्दाम तोडावे लागतात, तसं इथे सहसा करावं लागत नाही. मात्र केसात ओल राहिली आणि वर तापलेला स्ट्रेटनर फिरला, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसातच बुडबुडे धरतात आणि तो तिथे मोडतो.

तरी केसाचं मला फारसं वाटत नाही, तो परत उगवतो. काळजी वाटते ती धुराची. तापलेल्या लेपातून फॉर्माल्डिहाइडचा वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, दमेकऱ्यांचा त्रास वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. पार्लरमध्ये येणारी बाई हा धूर काही महिन्यांतून एकदा घेते. तिच्या मागे उभी राहून स्ट्रेटनर फिरवणारी मुलगी तो रोज घेते, आणि तिचा विचार सगळ्यात कमी होतो.

बाटलीवर ‘फॉर्माल्डिहाइड-मुक्त’ लिहिलं म्हणून सुटका नाही. 2010 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, असं लिहिलेल्या एका उत्पादनाची तपासणी झाली, तेव्हा सरासरी 8 टक्क्यांहून जास्त फॉर्माल्डिहाइड निघालं. पाण्यात ते बहुतांशी मिथिलीन ग्लायकॉल या रूपात असतं. म्हणजे नाव वेगळं, आणि तापवलं की पुन्हा तोच वायू.

यावर उतारा म्हणून ग्लायऑक्सिलिक ॲसिडची उत्पादनं आली. धूर कमी, म्हणून ती निर्धोक मानली गेली. 2024 मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी 26 वर्षांच्या एका तरुणीची हकिगत प्रसिद्ध केली. 2020, 2021 आणि 2022 अशा तीन वेळा केस सरळ करून घेतल्यावर तिच्या मूत्रपिंडांना अचानक इजा झाली होती. दरवेळी केसांची ट्रीटमेंट चालू असताना टाळूची आग व्हायची. डॉक्टरांनी तिच्या केसांना लावलेलं, हे ॲसिड असलेलं क्रीम उंदरांच्या पाठीवर लावून पाहिलं. त्यांच्या मूत्रपिंडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक सापडले. मुतखडे बहुतेक वेळा ज्याचे होतात, तेच हे. ग्लायऑक्सिलिक ॲसिड टाळूतून शरीरात शिरतं आणि तिथे त्याचं ऑक्झलेट होतं, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अशा घटना संख्येने थोड्या आहेत, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी या वाटेला जाऊच नये असं मला ठाम वाटतं.

बाकीच्यांनी बसण्याआधी बाटली हातात घेऊन वाचावी. फॉर्माल्डिहाइड, फॉर्मालिन, मिथिलीन ग्लायकॉल, ग्लायऑक्सिलिक ॲसिड यांपैकी एकही नाव दिसलं, किंवा बाटली दाखवायलाच नकार मिळाला, तर उठावं. लेप टाळूला लागू देऊ नये, खिडक्या उघड्या असाव्यात, आणि टाळू भाजायला लागली तर तिथल्या तिथे धुवायला सांगावं. पुढच्या एक-दोन दिवसांत उलट्या, कंबरदुखी किंवा लघवी कमी होणं जाणवलं, तर डॉक्टरांना केसांच्या ट्रीटमेंटबद्दल आपणहून सांगावं. पोटाच्या तक्रारीत केसांची चौकशी सहसा कुणी करत नाही.