हृदयातली घातक गाठ : शस्त्रक्रिया इथवर कशी आली

“हृदयाला पण कॅन्सर होतो होय?” मिरजेत इको काढायच्या खोलीबाहेर एका बाईंनी विचारलेला हा प्रश्न मला अजून आठवतो. हातात यजमानांचा रिपोर्ट, त्यातलं ‘उजव्या कप्प्यात गाठ’ एवढंच कळलेलं.

होतो, पण फार क्वचित. हृदयातच उगवणाऱ्या गाठींपैकी साधारण तीनचतुर्थांश साध्या असतात. उरलेल्या घातक, त्यात बहुतेक सार्कोमा, म्हणजे स्नायू, रक्तवाहिन्या अशा आधार देणाऱ्या ऊतींतून उगवणारा कॅन्सर. पूर्वी त्या शवविच्छेदनातच सापडायच्या. जिवंत माणसात असा सार्कोमा ओळखला गेला तो १९३४ साली, अमेरिकेत.

ओळखून तरी करणार काय? डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ साली सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात शस्त्रक्रियेसाठी लांबलांबून माणसं येत. पण धडधडतं हृदय उघडून आतली गाठ काढणं तेव्हा जगात कुणालाच जमत नव्हतं. १९५३ साली अमेरिकन सर्जन गिबन यांच्या हार्ट-लंग मशीननं, म्हणजे शस्त्रक्रियेपुरतं हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रानं, ती वाट उघडली आणि पुढच्याच वर्षी स्टॉकहोममध्ये सर्जन क्राफूर्ड यांनी डाव्या कर्णिकेतला (हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यातला) मिक्सोमा काढला. मिक्सोमा ही साधी गाठ, बहुधा देठाला लोंबणारी. देठासकट काढली की बहुतेकदा काम झालं.

सार्कोमाचं तसं नाही. तो भिंतीत मुरतो. कॅन्सर काढताना भोवतालचा थोडा निरोगी भागही घ्यावा लागतो. हृदयात तेवढी जागा आणायची कुठून? त्यात डावी कर्णिका पाठीमागे, मणक्याच्या बाजूला. तिथं हात नीट पोचत नाही, गाठीचा अंश मागे राहतो आणि ती परत वाढते.

म्हणून १९८५ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनचे सर्जन डेंटन कूली यांनी हृदयच बाहेर काढलं, गाठ कापली आणि ते पुन्हा बसवलं. तो रुग्ण वाचला नाही. १९९८ मध्ये तिथल्याच मायकेल रीअर्डन यांना यश आलं. मला या सगळ्या इतिहासात हाच टप्पा थरारक वाटतो : छाती रिकामी, रक्त मशीनवर फिरतंय, बर्फगार द्रावणाच्या भांड्यात हृदय निपचित, आणि सर्जन ते उलटंपालटं करून गाठ काढताहेत. कापलेल्या भिंतीच्या जागी जनावराच्या हृदयावरणाचा तुकडा शिवतात.

उजव्या कर्णिकेत जास्त करून अँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून उगवणारा सार्कोमा. निदान होईतो तो अनेकदा फुप्फुसात पोचलेला असतो, त्यामुळे आता बऱ्याच ठिकाणी आधी केमो देऊन गाठ आक्रसते का ते पाहतात, मग सुरी. पूर्ण निघाली तरी बहुतेकांना मिळतं ते वर्ष-दोन वर्षांचं आयुष्य. अर्धवट राहिली तर त्याहून कमी. त्या बाईंच्या यजमानांच्या बायोप्सीचा ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) तेव्हा मुंबईला निघाला होता, महालक्ष्मी एक्स्प्रेसनं, मुलाच्या पिशवीतून.