सँगर, फ्रेडरिक

(१३ ऑगस्ट १९१८ – १९ नोव्हेंबर २०१३). ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ व रेणवीय जीवविज्ञानातील क्रमनिर्धारण (साखळीतील घटकांचा क्रम ओळखण्याच्या) पद्धतींचे जनक. रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना दोनदा मिळाले : १९५८ मध्ये इन्शुलिनच्या रचनेसाठी एकट्याने आणि १९८० मध्ये डीएनएमधील क्रमनिर्धारणासाठी, पॉल बर्ग व वॉल्टर गिल्बर्ट यांच्यासह विभागून. जन्म ग्लॉस्टरशरमधील रेंडकंब येथे, शिक्षण केंब्रिज येथे. लायसीन या अमिनो अम्लाच्या चयापचयावर त्यांनी १९४३ मध्ये पीएच.डी. मिळवली. १९६२ पासून ते केंब्रिजच्या रेणवीय जीवविज्ञान प्रयोगशाळेत होते व १९८३ मध्ये निवृत्त झाले.

इन्शुलिन : प्रथिनात अमिनो अम्ले एका ठरावीक क्रमाने असतात, हे १९४० च्या दशकात गृहीत धरता येत नव्हते. ती ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा येतात, असे एक मत होते. एकच प्रथिन म्हणजे जवळजवळच्या रचनांचे मिश्रण असावे, असेही काहींना वाटे. सँगर यांनी फ्लोरोडायनायट्रोबेंझीन हे अभिकर्मक वापरले. ते साखळीच्या मोकळ्या अमिनो टोकाला चिकटते आणि नंतर अम्लाने साखळी तोडली, तरी ते टोकाचे अमिनो अम्ल पिवळे राहते. कागदी वर्णलेखनात (मिश्रणातले घटक कागदावर वेगळे करण्याच्या रीतीत) तो पिवळा ठिपका नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो. पद्धतीत एक खोच आहे. ग्लायसीनचे पिवळे संयुग अम्लात बऱ्याच प्रमाणात नष्ट होते. तूट हिशेबात धरली नाही, तर ग्लायसीन टोकाला असलेल्या साखळ्या प्रत्यक्षाहून कमी भरतात. इन्शुलिनच्या ए साखळीच्या टोकाला नेमके ग्लायसीनच आहे. बी साखळीच्या टोकाला फिनिलॲलानीन.

परफॉर्मिक अम्लाने दोन साखळ्या सोडवून बी साखळीचा (३० अमिनो अम्ले) क्रम हान्स टुपी यांच्याबरोबर १९५१ मध्ये व ए साखळीचा (२१) टॉम्पसन यांच्याबरोबर १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. खरी अडचण पुढे आली. दोन साखळ्यांमधले गंधकाचे बंध न तोडता प्रथिनाचे तुकडे करायचे, तर तीव्र अम्लात हे बंध आपसात जागा बदलतात आणि मुळात नसलेल्या जोड्या हाती येतात. अम्लात थायॉल (गंधक-हायड्रोजन गट असलेले) संयुग थोडे घातले, तर ही अदलाबदल थांबते. उदासीन द्रावणात तेच थायॉल तिला चालना देते. हा भेद कळल्यावर १९५५ मध्ये तिन्ही बंधांच्या जागा पक्क्या झाल्या : ए६–ए११ (ए साखळीच्याच सहाव्या व अकराव्या अमिनो अम्लांमधला), ए७–बी७ व ए२०–बी१९. गाय, डुक्कर व मेंढी यांच्या इन्शुलिनांतला फरक ए साखळीच्या ८ ते १० या जागांपुरताच निघाला. क्रम हीच प्रथिनातली माहिती, या फ्रान्सिस क्रिक यांच्या मांडणीला (१९५८) या कामाचा आधार होता, असे सामान्यतः मानतात.

आरएनए : १९६० च्या दशकातील हे काम त्यामानाने कमी चर्चिले जाते. किरणोत्सर्गी फॉस्फरस–३२ ने खुणावलेले तुकडे दोन दिशांनी वेगळे करण्याची रीत त्यांच्या गटाने बसवली आणि १२० न्यूक्लिओटाइडांच्या (आरएनए व डीएनए साखळ्यांचे घटक) ५एस आरएनएचा (रायबोसोममधील एक लहान आरएनए) क्रम १९६७ मध्ये ठरवला. ट्रान्सफर-आरएनएचा पहिला क्रम मात्र रॉबर्ट हॉली यांचा (१९६५).

डायडिऑक्सी पद्धत : डीएनए तोडून वाचण्याऐवजी तो नव्याने घडवताना वाचायचा, ही कल्पना सँगर यांच्या नावावर असली, तरी ती सर्वस्वी त्यांची नव्हे. कॉर्नेल विद्यापीठातील रे वू यांनी लॅम्डा विषाणूची चिकट (एकपदरी) टोके पॉलिमरेजने (डीएनए घडवणाऱ्या विकराने) भरून वाचण्याचे काम १९६८ पासून चालवले होते. प्रायमरपासून (साच्यावर बसणाऱ्या लहान आरंभक तुकड्यापासून) साखळी वाढवण्याच्या रीतीचे श्रेय वू यांना अधिक द्यावे, हे म्हणणे वाजवी दिसते. साखळी ठरवून थांबवणे व लांबीनुसार शेजारीशेजारी वाचणे हे मात्र सँगर गटाचे. त्यांच्या १९७५ च्या ‘प्लस-मायनस’ पद्धतीत एकाच अक्षराची (न्यूक्लिओटाइडाची) सलग रांग जेलवरील एकाच पट्ट्यात दिसे व रांगेतली अक्षरे अंतरावरून अदमासाने मोजावी लागत. तीच उणीव १९७७ च्या पद्धतीत गेली. त्याच वर्षी मॅक्सम व गिल्बर्ट यांची रासायनिक विच्छेदनाची पद्धत आधी छापून आली आणि काही वर्षे तीच अधिक प्रचलित होती.

कृती अशी : एकपदरी साचा, त्यावर बसवलेला प्रायमर, क्लेनॉव्ह विकर (एक डीएनए पॉलिमरेज), चारही न्यूक्लिओटाइडे (त्यांपैकी एक किरणोत्सर्गी) हे मिश्रण चार नळ्यांत वाटतात. प्रत्येक नळीत एकेक डायडिऑक्सी न्यूक्लिओटाइड घालतात. त्याच्या शर्करेच्या तिसऱ्या कर्बावर हायड्रॉक्सिल गट नसल्याने ते जोडले गेले, की साखळी तिथेच संपते. खोलीच्या तापमानाला सुमारे १५ मिनिटांनी साधे, न खुणावलेले न्यूक्लिओटाइड जादा घालून आणखी तेवढाच वेळ ठेवतात. ही पायरी गाळली, तर किरणोत्सर्गी न्यूक्लिओटाइड संपल्यामुळे अडकलेल्या साखळ्या चारही लेनमध्ये (जेलवरील, एकेका नळीच्या उभ्या रांगांमध्ये) एकाच उंचीवर पट्टे देतात. शेवटी फॉर्मामाइडमध्ये उकळून दोन पदर सुटे करतात आणि युरियायुक्त ॲक्रिलामाइड जेलवर चालवतात. तिथे तुकडे लांबीनुसार वेगळे होतात, लहान सर्वांत खाली.

प्रमाण चुकले, की जेल लगेच चुगली करते. थांबवणारे रेणू जास्त झाले, तर खालचा भाग काळाकुट्ट व वरचा कोरा. कमी झाले, तर सगळा रंग वरच्या टोकाला साचतो. थायमिनच्या नळीसाठी मूळ कृतीत डायडिऑक्सी रूप साध्याच्या सुमारे १०० पट लागे, कारण क्लेनॉव्ह विकर डायडिऑक्सी रेणू सहज स्वीकारत नाही. या नावडीचे मूळ विकरातील एका फिनिलॲलानीनमध्ये आहे. टॅक पॉलिमरेज या तशाच विकरात त्या जागी (क्रमांक ६६७) टायरोसीन आणल्यावर ती जवळजवळ नाहीशी होते, हे टेबर व रिचर्डसन यांनी १९९५ मध्ये दाखवले. जेलचा मध्य कडेपेक्षा तापला, तर मधल्या लेन पुढे पळतात व पट्टे वाकतात. काचेला धातूचा पत्रा लावला, की उष्णता सारखी पसरते. सर्वांत फसवा दोष ‘कॉम्प्रेशन’चा. जी (ग्वानिन) व सी (सायटोसीन) ही अक्षरे दाट असलेला तुकडा जेलमध्येही स्वतःवर दुमडलेला राहतो, चार-पाच पट्टे एकमेकांवर चढतात आणि लगेच वर अकारण मोठी फट पडते. ग्वानिनऐवजी ७-डीअझाग्वानिन किंवा इनोसिन वापरणे हा त्यावरचा उपाय. समोरचा पदर वाचणे हा अधिक भरवशाचा, कारण तिथे दाटी त्याच अक्षरांवर पडत नाही.

सुरुवातीला एका प्रायमरपासून १५ ते सुमारे २०० अक्षरे बऱ्यापैकी अचूक वाचता येत. एम१३ विषाणूतून एकपदरी साचा सहज मिळू लागल्यावर, रॉजर स्टेडन यांच्या संगणकप्रणालींच्या मदतीने यादृच्छिक तुकडे वाचून जोडण्याची रीत रूढ झाली. १९८६ मध्ये लेरॉय हूड यांच्या गटाने किरणोत्सर्गाऐवजी चार रंगांची प्रतिदीप्त द्रव्ये आणली आणि चार लेनचे काम एका लेनवर आले. मानवी जनुकसंचाचा आराखडा मुख्यतः याच पद्धतीने वाचला गेला.

फाय-एक्स-१७४ विषाणूचा क्रम (१९७७) आधी सुमारे ५,३७५ अक्षरांचा छापला गेला, पुढच्या वर्षी तो ५,३८६ असा दुरुस्त झाला. त्यात एका जनुकाच्या पोटात दुसरे जनुक वेगळ्या चौकटीत (तीन-तीन अक्षरांचे गट वेगळ्या जागेपासून धरून) वाचले जाते, हे अनपेक्षित होते. लॅम्डाचा ४८,५०२ अक्षरांचा क्रम १९८२ मध्ये आला.

शिष्यांपैकी रॉडनी पोर्टर (१९७२) व एलिझाबेथ ब्लॅकबर्न (२००९) नोबेलविजेते ठरले. सँगर यांनी नाइटहुड नाकारले. १९८६ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट स्वीकारले. केंब्रिजजवळील हिंक्स्टन येथील जनुकसंच संशोधन केंद्राला १९९३ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या गटाने १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेला मानवी सूत्रकणिका डीएनएचा क्रम १६,५६९ अक्षरांचा होता. काही संदिग्ध जागा गायीच्या व हेला (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी कर्करोगाच्या) पेशींच्या डीएनएवरून भरल्या होत्या. १९९९ च्या फेरतपासणीत ३१०६–३१०७ या जागी लिहिलेले दोन ‘सी’ प्रत्यक्षात एकच असल्याचे आढळले. तोवर असंख्य उत्परिवर्तने जुन्या क्रमांकांनी नोंदवली गेली होती. म्हणून अक्षर वगळले, पण क्रमांक वगळला नाही. ३१०७ या जागी आजही ‘एन’ (अक्षर नसल्याची खूण) लिहितात.