58 ची हॅट, 58 चं डोकं, तरी कपाळाला वळ

हॅटच्या आत शिक्का 58 चा. डोक्याभोवती टेप फिरवली तर तीही 58 च दाखवते. तरी अर्ध्या तासात कपाळाच्या मधोमध लाल वळ उठतो, मागच्या उंचवट्यावर ठणका लागतो, आणि कानांच्या वर मात्र बोट सहज आत जाईल एवढी फट राहते. फेल्टची, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीची, हॅट ऑनलाइन मागवणाऱ्यांची ही नेहमीची रड आहे. मग ती परत पाठवून 59 ची मागवली जाते, आणि ठाण्यातल्या उपवन तलावाच्या काठावर जरा वारा सुटला की ती डोक्यावरून निघते.

गोची नंबरातच आहे. नंबर म्हणजे नुसता परीघ, सेंटिमीटरमध्ये. (अमेरिकी हॅटवर 7¼ असं काहीतरी लिहिलेलं असतं, तो इंचांतला व्यास. 58 ला π ने (3.14 ने) भागा, इंच करा, तिथेच पोचाल.) पण डोकं काही गोल नसतं. ते ढोबळमानाने लंबवर्तुळ धरलं, तर 20.6 सेंटिमीटर लांब आणि 16.2 रुंद असलेल्या डोक्याचा परीघ 58 येतो. आणि 19.8 लांब, 17.1 रुंद डोक्याचाही 58 च येतो. टेपला दोघांत फरक दिसत नाही. हॅटला दिसतो, कारण लांबीत 8 मिलिमीटर आणि रुंदीत 9 मिलिमीटर इकडचं तिकडे झालेलं असतं. लांबट डोक्याला गोलसर हॅट पुढून-मागून चावते. गोलसर डोक्याला लांबट हॅट दोन्ही कानशिलांवर दाबते. म्हणजे हॅट लहान आहे की नुसती वेगळ्या आकाराची आहे, हे आधी ठरवायचं. त्यासाठी टेपपेक्षा बोट बरं. हॅट घालून कडेने सगळीकडे बोट सरकवून पाहा. सगळीकडेच अडलं तर ती लहान. दोन ठिकाणी अडलं आणि दोन ठिकाणी फट लागली, तर नंबर बदलून काही उपयोग नाही.

19 व्या शतकात फ्रान्समधल्या टोपीवाल्यांनी याच्यासाठी एक यंत्र काढलं होतं, कॉन्फॉर्माटर नावाचं. दिसायला टाइपरायटर आणि उंच टोपी यांच्या मधलं. ते डोक्यावर ठेवलं की चहूबाजूंच्या पट्ट्या डोक्याला टेकतात आणि वर लावलेल्या कागदावर टाचण्यांनी डोक्याच्या आकाराची छोटी नक्कल उमटते. ती नक्कल पाहिली की आपलं डोकं किती ओबडधोबड आहे ते कळतं. बहुतेकांची एक बाजू दुसरीपेक्षा थोडी वेगळी असतेच.

दाबाने डोकं दुखतं हा मनाचा खेळ नव्हे. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात याला वेगळी जागा आहे: बाहेरच्या दाबाची डोकेदुखी. दाब पडल्यावर तासाभरात सुरू होते, जिथे दाब तिथेच सगळ्यात जास्त असते, आणि दाब काढल्यावर तासाभरात जाते. भुवईच्या वर कवटीला एक खाच असते, तिथून एक मज्जातंतू बाहेर पडून कपाळावर पसरतो. हॅटची कड नेमकी त्याच्या वाटेत येते.

आता फेल्टकडे. ठाण्याला लोकर नवी नाही. 1925 साली सुरू झालेली रेमंडची लोकरीची मिल इथलीच. आता त्या जमिनीवर टॉवर उभे आहेत. पण मिलमध्ये लोकरीचं सूत होतं आणि सुताचं कापड. फेल्टमध्ये सूतच नसतं. मेंढीची लोकर, किंवा महागड्या हॅटमध्ये ससा-बीव्हर यांची मऊ लव, ओली करून, गरम करून, दाबून-चोळून तिचा एकजीव थर करतात. काश्मीरचा नमदा याच पद्धतीचा. हे जमतं ते केसावरच्या खवल्यांमुळे. प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात, सगळ्यांची तोंडं केसाच्या टोकाकडे. त्यामुळे तंतू एका दिशेने सरकतो आणि उलट सरकायला गेला की अडतो. चोळत राहिलं की तंतू एकमेकांत शिरत जातात, परत येत नाहीत. वॉशिंग मशीनमध्ये चुकून गेलेला स्वेटर बाळाच्या मापाचा होऊन बाहेर येतो, त्यामागे हेच कारण.

सशाच्या केसांचं सहजासहजी फेल्ट होत नाही. म्हणून 18 व्या-19 व्या शतकांत कातडीवर पाऱ्याचं नायट्रेट चोळत. कारागीर पाऱ्याची वाफ हुंगत, हात थरथरू लागत, स्वभाव बदलत जाई. अमेरिकेत डॅनबरी हे हॅटचं गाव, तिथे या थरथरीला गावाचंच नाव पडलं होतं. तिथला हा वापर 1941 साली थांबला. म्हणून पणजोबांची विलायती फेल्ट हॅट माळ्यावर सापडली असेल, तर पुढचं सगळं वाचा, पण तिच्यावर स्वयंपाकघरात वाफेचे प्रयोग करू नका. जुन्या फेल्टमध्ये पारा अजून असू शकतो.

नव्या हॅटला मात्र वाफच लागते, आणि ती नुसत्या उष्णतेहून वेगळं काम करते. लोकर म्हणजे केराटिन हे प्रथिन. आपले केस आणि नखंही त्याचीच. त्याचे लांब रेणू मळसूत्रासारखे वळलेले असतात आणि मुख्यतः दोन प्रकारच्या बंधांनी आकारात राहतात. गंधकाचे बंध बळकट, ते साध्या वाफेला सहसा दाद देत नाहीत. हायड्रोजनचे बंध कमजोर पण असंख्य. पाणी आत शिरलं की ते सुटतात आणि पाणी निघून गेलं की नव्या जागी पुन्हा जुळतात. ओले केस रोलरवर गुंडाळून वाळवले की कुरळे होतात आणि पहिल्याच पावसात सरळ होतात, तो हाच हायड्रोजनचा कारभार. पार्लरमधलं पर्मिंग गंधकाच्या बंधांना हात घालतं, म्हणून ते टिकतं.

लोकर ज्या तापमानाला कडकपणा सोडून नरम होते, ते तापमान तिच्यातल्या पाण्यावर ठरतं. अगदी कोरड्या लोकरीत ते 150 अंशांच्याही वर असतं. लोकर पूर्ण भिजली की शून्याच्या आसपास येतं. म्हणून हेअर ड्रायरने कोरडी हॅट कितीही तापवली तरी ती फारशी वाकत नाही, नुसती सुकून रुक्ष होते. वाफ एकाच दमात दोन्ही कामं करते. ती थंड तंतूवर आदळून पाणी होते, आणि पाणी होताना ग्रॅममागे सुमारे 2260 ज्यूल उष्णता तिथेच टाकते. काही सेकंदांत फेल्ट ओलंही आणि गरमही. (तुमच्या बोटांच्या बाबतीतही ती हेच करते, तेव्हा जपून.)

त्यात लाखेची भर. फेल्टला ताठपणा यावा म्हणून हॅटमध्ये शेलॅक जिरवतात. शेलॅक म्हणजे आपल्याकडच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरच्या किड्यांची लाख. 1849 साली लंडनच्या लॉक अँड कंपनीने बनवून घेतलेली पहिली बोलर (गोल माथ्याची) हॅट दगडासारखी टणक होती ती याच लाखेच्या जोरावर. लाख 70 अंशांच्या आसपास मऊ पडते, म्हणजे वाफेत तंतू आणि लाख दोघेही ढिले होतात आणि थंड झाल्यावर दोघेही घट्ट बसतात. पण पुन्हा पुन्हा वाफवत राहिलात तर लाखेची पकड जाते आणि कड लोंबू लागते.

इथवर सगळं सोपं वाटतं. अडचण आतल्या चामडी पट्टीची. चामडं म्हणजे कोलॅजन. ते प्रथिनच, पण त्याची तऱ्हा नेमकी उलटी. ओल्या चामड्याला ठरावीक मर्यादेपलीकडे उष्णता लागली की त्याचे तिपेडी रेणू उलगडतात आणि चामडं आखडतं. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या चामड्यात हे 70-85 अंशांना घडतं. क्रोमने कमावलेलं बरंच जास्त सोसतं. किटलीच्या तोंडाशी वाफ 100 अंशांची असते. म्हणजे ज्या वाफेने फेल्ट सैल होतं, तिनेच पट्टी आवळते, कडक होते, आणि फेल्टलाही आत ओढते. हॅट सैल करायला जावं आणि ती आणखी घट्ट व्हावी, याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. आणि आखडलेलं चामडं पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. तेव्हा वाफ द्यायच्या आधी पट्टी उलटी वळवून हॅटच्या बाहेर काढायची. ती फक्त खालच्या कडेला शिवलेली असते, आरामात निघते.

मग मोदकपात्रात पाणी उकळत ठेवा. किटलीच्या चोचीतून वाफेचा बारीक झोत येतो आणि एकाच जागी लागतो; मोदकपात्राचं झाकण जरा सरकवलं की रुंद, शांत वाफ मिळते. कुकरच्या शिट्टीच्या वाटेला मुळीच जाऊ नये. वीतभर अंतरावर हॅट धरून, जिथे दाबते तिथेच आतून वाफ द्यायची, फिरवत फिरवत. फेल्ट हाताला कोमट आणि लवचीक लागलं की बाजूला घ्या. लांबट डोक्यासाठी दोन्ही कुशी आत दाबायच्या म्हणजे पुढचं-मागचं अंतर वाढतं. गोलसर डोक्यासाठी उलट. खरं काम यापुढे आहे: धरून ठेवणं. लीड्स विद्यापीठात विल्यम ॲस्टबरी 1930 च्या दशकात क्ष-किरणांनी लोकरीचे रेणू तपासत होते. वाफेत ताणलेला तंतू लवकर सोडला तर तो आखडून मूळ लांबीहूनही लहान होतो, आणि बराच वेळ ताणून धरला तर तसाच राहतो, हे त्या अभ्यासातून पुढे आलं. घरच्या वाफेत आपण इतक्या टोकाला जात नाही, पण घाई नडते ती तशीच. हॅट गार आणि कोरडी होईपर्यंत आकार सुटता कामा नये. वाफ निवली की पट्टी आत वळवून हॅट डोक्यावर घाला आणि पंख्याखाली बसून राहा. डोक्याइतका अचूक साचा दुसरा नाही. दोन अर्धगोल लाकडी तुकड्यांमध्ये स्क्रू असलेला ताणकही मिळतो, पण तो त्याच्या आकाराने ताणतो, तुमच्या नाही.

यातून फार तर एखादा नंबर वाढवून मिळतो. स्वस्त लोकरी हॅटमध्ये तेवढाही मिळेलच असं नाही, आणि तिला गरम-ओल्या अवस्थेत घासलं तर तंतू आणखी गुंततात आणि ती आटते. ब्रश करायचा तो वाळल्यावर. आणि ही युक्ती कोणी घोडबंदर रोडवर घालायच्या हेल्मेटवर करू नये. त्यातला थर्माकोलसारखा फोम उष्णतेने बसला, तर अपघातात धक्का शोषायचं कामच संपलं. हेल्मेट चावत असेल तर ते बदलावं.

सैल हॅटचं गणित मजेशीर आहे. परिघातला 1 सेंटिमीटर म्हणजे त्रिज्येत फक्त 1.6 मिलिमीटर. म्हणून चामडी पट्टीच्या मागे दीड मिलिमीटर जाडीची फोमची पट्टी सगळीकडून सारली, की जवळपास एक नंबर कमी होतो. भाड्याच्या कपडेपटातून आलेली साहेबी हॅट, गडकरी रंगायतनच्या मेकअप रूममध्ये, प्रयोगाच्या आधी पाच मिनिटं नटाच्या डोळ्यांवर उतरते तेव्हा वर्तमानपत्राची घडी कामी येते, तीही याच हिशेबाने. वर्तमानपत्राचा कागद साधारण 0.07 मिलिमीटरचा, म्हणजे आठ पदरी घडी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. तीन घड्या, एक नंबर. घडी नुसती कानांवर घातली तर हॅट लांबट होते, नुसती मागे घातली तर ती पुढे झुकते. दृश्य खलनायकाचं असेल तर चालूनही जातं.

ठाण्यात फेल्ट घालावंच का, हा प्रश्न रास्त आहे. रुंद कड ऊन अडवते, पण घाम वाळायचा तर हवा कोरडी लागते आणि ती इथे हिवाळ्यातल्या थोड्या दिवसांतच मिळते. शिवाय लोकर हवेतली वाफ शोषताना उष्णता सोडते. एसी लोकलच्या कोरड्या हवेतून जुलैत ठाण्याच्या फलाटावर उतरलात की पहिली काही मिनिटं हॅट खरोखरच गरम होते. म्हणून डिसेंबर-जानेवारी, आणि येऊरच्या डोंगरातली सकाळ, एवढंच तिचं राज्य.

बाकीचे महिने ती कपाटात, आणि आकार बिघडतो तो तिथेच. पावसाळ्यातल्या 85 टक्के आर्द्रतेत लोकर वजनाच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाइतकं पाणी धरून बसते. तिचं नरम व्हायचं तापमान तेव्हा खोलीच्या तापमानाच्या बरंच जवळ आलेलं असतं. कोणी वाफ दिली नाही तरी खुंटीवर टांगलेल्या हॅटला महिन्याभरात खुंटीचा टेंगूळ येतो, आणि कडेवर ठेवलेली हॅट कडेतून चपटी होते. तिला उलटी, माथ्यावर ठेवावी, माथ्याच्या पोकळीत सुती कापड भरून.

आणि कसर. कपड्यांच्या पतंगाच्या अळ्यांना केराटिन पचतं, त्यातही घामाने मळलेलं जास्त आवडतं. ठेवण्याआधी पट्टी उलटून पुसावी. फेल्टला बारीक भोकं दिसली तर हॅट प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवावी. उणे 18 अंशांत अळ्या आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. हॅट खोलीइतकी गरम होईपर्यंत थांबावं, नाहीतर हवेतलं पाणी थंडगार फेल्टवर धरेल आणि अळ्यांच्या जागी बुरशी येईल.