दूर पल्ल्याचा वाय-फाय अँटेना, लॅपटॉपसाठी

लॅपटॉपमधल्या अंगभूत वाय-फाय कार्डाऐवजी यूएसबीने जोडायचा अडॅप्टर आणि एका दिशेला रोखलेला अँटेना वापरून काहीशे मीटर ते काही किलोमीटरवरच्या राउटरशी जोडणी करण्याची पद्धत. अडॅप्टरात शक्तिवर्धक असेल, तर बाजारात त्याला बूस्टर म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात गावठाणातल्या घरी ब्रॉडबँड आणि शिवारातल्या घरी काहीच नाही, अशी स्थिती असेल तेथे ती उपयोगी पडते. शिवाय बेळगाव जिल्हा दूरसंचाराच्या कर्नाटक मंडळात (सर्कलमध्ये) येतो, तर लगतचे चंदगड, कोल्हापूर आणि गोवा महाराष्ट्र मंडळात. त्यामुळे हद्दीलगत मोबाइलची रेंज या मंडळातून त्या मंडळात जात असते. वाय-फायला असे मंडळ नसते.

वाय-फायचे मूळ मानक, आयट्रिपलई ८०२.११, १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. ८०२.११बी (१९९९) आणि ८०२.११जी (२००३) या आवृत्त्यांनंतर लॅपटॉपमध्ये वाय-फाय रुळले. बाह्य अँटेना लावून पल्ला वाढवण्याचे प्रयोग साधारण त्याच काळातले. भारतात आयआयटी कानपूरने ‘डिजिटल गँजेटिक प्लेन्स’ प्रकल्पात खेड्यांदरम्यान अशा लांब जोडण्या उभारून अभ्यासल्या. २००७ मध्ये व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी दोन शिखरांदरम्यान ३८२ किमी. अंतरावर वाय-फाय जोडणी करून दाखवली. दोन्ही टोकांना मोठे तबकडी अँटेना असल्याने ते जमले. लॅपटॉपवाल्याने हा आकडा अपेक्षा म्हणून धरू नये.

या कामात सर्वाधिक वापरला जाणारा यागी अँटेना कोणाचा, हा वाद जुना आहे. दूरदर्शनच्या काळात कौलांवर दिसणारा, आडव्या कांड्यांचा अँटेना याच जातीचा. जपानमधील सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात हिदेत्सुगु यागी आणि त्यांचे सहकारी शिंतारो उदा यांनी तो विकसित केला. दोघांचा संयुक्त निबंध १९२६ चा. त्यानंतर उदा यांनी जपानी भाषेत निबंधांची मालिकाच प्रसिद्ध केली. परंतु पेटंट एकट्या यागींच्या नावे निघाले, आणि १९२८ मध्ये इंग्रजीतला गाजलेला निबंधही यागींचाच आला. त्यात उदांच्या कामाचा उल्लेख आहे, तरी पाश्चात्त्य वाचकांच्या तोंडी एकच नाव बसले. काही अभ्यासक मूळ कल्पनेचे आणि मार्गदर्शनाचे श्रेय यागींना देतात. प्रत्यक्ष मापने, कांड्यांची लांबी आणि त्यांच्यातील अंतरे ठरवण्याचे कष्ट बहुतांशी उदांचे होते, हा दुसरा पक्ष. प्रकाशित निबंध पाहता दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक सबळ वाटते, म्हणून निदान ‘यागी-उदा’ हे जोडनाव वापरणे न्याय्य ठरते. उदा १९५० च्या दशकात नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत सूक्ष्मतरंगांच्या कामासाठी आले होते. भारतीय वाचकाने त्यांचे नाव विसरू नये, याला हेही एक कारण आहे.

वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ वारंवारतेला तरंगलांबी सुमारे १२.५ सें.मी. असते, त्यामुळे यागीच्या कांड्या जेमतेम ६ सें.मी. लांब असतात. बारा-पंधरा कांड्यांचा यागी साधारण १३-१४ डेसिबल लाभ देतो, म्हणजे रोखलेल्या दिशेला लहर तेवढी बळकट करतो (दर १० डेसिबलला शक्ती दहापट). जाळीची तबकडी २४ डेसिबलपर्यंत जाते, पण तिचा झोत ८ ते १० अंशांचाच असतो. पत्र्याच्या डब्याचा अँटेना घरीही करता येतो: डब्याचा व्यास ८ ते ९ सें.मी. आणि आत सुमारे ३.१ सें.मी. उंचीची तांब्याची तार. अरुंद डब्यात लहर शिरतच नाही, रुंद डब्यात ती वेडीवाकडी होते. दोन्ही टोकांचे ध्रुवण, म्हणजे लहरीच्या कंपनाची दिशा, जुळणेही आवश्यक असते. एकीकडे कांड्या उभ्या आणि दुसरीकडे आडव्या राहिल्या, तर वीसेक डेसिबल सहज जातात.

मोकळ्यावर १ किमी. अंतरात या वारंवारतेची लहर सुमारे १०० डेसिबल क्षीण होते. लॅपटॉपचे कार्ड १५ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती) इतक्या शक्तीने पाठवते आणि दोन्हीकडे २ डेसिबलचे साधे अँटेना आहेत असे धरले, तर पलीकडे -८१ डीबीएम पोचते. मध्ये जांभ्या दगडाची भिंत आली की जोडणी तुटते. लॅपटॉपकडे १४ डेसिबलचा यागी लावल्यास हाच आकडा -६९ होतो, म्हणजे १२ डेसिबलने सुधारतो. बूस्टर आणि अँटेना यांतला भेद येथेच कळतो. बूस्टरची जादा शक्ती प्रामुख्याने पाठवण्याच्या कामी येते, राउटरचे क्षीण उत्तर त्याने तेवढे बलवान होत नाही. अँटेना पाठवताना आणि घेताना सारखाच लाभ देतो. म्हणून आधी अँटेना, मग उंची, आणि अगदी शेवटी बूस्टर, हा क्रम योग्य होय.

अँटेनापासून लॅपटॉपपर्यंत लांब केबल ओढणे ही नेहमीची चूक. साधी आरजी-५८ केबल या वारंवारतेला दर मीटरला सुमारे १ डेसिबल खाते. दहा मीटरांत यागीची बहुतेक कमाई संपते. अडॅप्टर अँटेनाजवळ गच्चीवर ठेवून खाली यूएसबीची तार आणावी. ती ५ मीटरपेक्षा लांब असल्यास मध्ये रिपीटर (सिग्नल पुन्हा बळकट करणारे उपकरण) लागतो.

भूरचनेनुसार फरक पडतो. १ किमी.च्या जोडणीत मधोमध पहिल्या फ्रेनेल क्षेत्राची (दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेभोवती लहरीला लागणाऱ्या लंबगोल जागेची) त्रिज्या ५.६ मी. असते, त्यातील किमान ६० टक्के भाग मोकळा हवा. पलीकडचे छप्पर नुसते दिसणे म्हणूनच पुरत नाही. निपाणी-चिकोडीकडे ऊस तोडल्यावर उन्हाळ्यात बसवलेली जोडणी ऊस पुरुषभर वर गेल्यावर ढासळू शकते. खानापूरच्या पश्चिमेस, जांबोटी-कणकुंबीकडे, डोंगर आणि झाडी हाच मुख्य अडसर. खुद्द पावसाने या वारंवारतेत नगण्य घट होते, भिजलेल्या पानांनी मात्र बरीच होते.

२००५ च्या अधिसूचनेने भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ पट्टा परवानामुक्त झाला. प्रेषकाची शक्ती कमाल १ वॅट, अँटेनाच्या लाभासह होणारी प्रक्षेपित शक्ती कमाल ४ वॅट आणि अँटेनाची उंची छपरावर ५ मीटरपर्यंत, या त्याच्या अटी आहेत. १ वॅटच्या बूस्टरला २४ डेसिबलची तबकडी जोडल्यास प्रक्षेपित शक्ती सुमारे २५० वॅट होते. ते सरळ बेकायदा आहे. मोबाइलच्या रेंजचा बूस्टर ही वेगळी वस्तू असून ती परवान्याशिवाय बाळगता येत नाही. दुसऱ्याच्या राउटरला त्याच्या संमतीशिवाय जोडून घेणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० खाली येते.

एप्रिल-मेमधल्या वळवाच्या पावसात विजा चमकतात. गच्चीवरच्या खांबाला अर्थिंग द्यावे आणि गडगडाट ऐकू येताच यूएसबीची तार लॅपटॉपमधून काढावी.