रेडिओ-नियंत्रित उडता पंख : तोल आणि उड्डाण

उडता पंख म्हणजे शेपूट नसलेले आणि धड पंखातच सामावलेले विमान. हौशी मंडळी त्याला नुसते ‘विंग’ म्हणतात. जर्मनीत होर्टेन बंधूंनी १९३० च्या दशकात अशी ग्लायडर उडवली. अमेरिकेत जॅक नॉर्थ्रप यांच्या कंपनीचे वायबी-४९ हे जेट बॉम्बर १९४७ मध्ये आणि त्याच परंपरेतले बी-२ हे १९८९ मध्ये आकाशात गेले. विदर्भातल्या एखाद्या गावात थर्माकोल किंवा सनबोर्ड कापून, बांबूची कामटी घालून आणि पॅकिंग टेप गुंडाळून बनवलेला मीटरभराचा पंख याच घराण्यातला. तोलाचा जो प्रश्न त्या मोठ्या विमानांना सोडवावा लागला, तोच यालाही सोडवावा लागतो.

साध्या विमानाचे शेपूट लांब दांड्याच्या टोकाला असते. नाक वर-खाली झाले तर ते सावरून घेते. पंखाला तो दांडाच नाही, म्हणून साध्या विमानात सेंटिमीटरभराची चूक खपते, तिथे पंखात अर्ध्या सेंटिमीटरचीही खपत नाही. नाक उचलले गेल्यावर पंखाच्या उचलीत (हवा त्याला वर ढकलते त्या जोरात) पडणारा फरक ज्या ठिकाणी एकवटतो तो उदासीन बिंदू. साधारण पंखात तो सरासरी रुंदीच्या (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत) पुढून सुमारे २५ टक्क्यांवर येतो. गुरुत्वमध्य त्याच्या पुढे, १५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान लागतो. त्यामुळे नाक सतत खाली जाऊ पाहते, आणि मागच्या कडेच्या दोन्ही हलत्या पट्ट्या (एलेव्हॉन) २-३ मिमी. वर ठेवून ते धरून ठेवावे लागते.

समजा, पंख टोकापासून टोकापर्यंत १०० सेंमी., मध्यावर ३० व टोकाला २० सेंमी. रुंद, आणि टोकाची पुढची कड नाकापेक्षा २० सेंमी. मागे. इथे ३० आणि २० ची सरासरी २५ धरून चालत नाही. कागदावर आकृती काढावी. मध्याच्या रुंदीच्या पुढे टोकाची रुंदी आणि टोकाच्या मागे मध्याची रुंदी वाढवून दोन्ही शेवट तिरक्या रेघेने जोडावे. ही रेघ दोन्ही रुंदींचे मध्यबिंदू जोडणाऱ्या रेघेला जिथे छेदते तिथे खरी सरासरी रुंदी मिळते. या पंखात ती २५.३ सेंमी. भरते, मध्यापासून २३.३ सेंमी.वर, आणि तिथली पुढची कड नाकापासून ९.३ सेंमी. मागे असते. म्हणजे उदासीन बिंदू नाकापासून १५.७ सेंमी.वर, तर गुरुत्वमध्याची जागा १३.१ ते १४.४ च्या दरम्यान. पहिल्या उड्डाणाला १३.५ च्या मागे जाऊ नये.

तोल पाहायचा तो सगळे बसवून झाल्यावर : बॅटरी, प्रॉप (मोटरचा पंखा), टेपची शेवटची पट्टी, सगळे. पंखाच्या खालच्या बाजूला, गुरुत्वमध्याच्या जागेच्या रेषेवर, मध्यापासून सारख्या अंतरावर बॉलपेनने दोन ठिपके द्यावेत आणि त्यांवर दोन तर्जन्या टेकवून विमान अलगद उचलावे. खोलीतला पंखा बंद, दार लोटलेले. वाऱ्याची झुळूकही इथे खोटे सांगते. नाक किंचित झुकून थांबले की काम झाले. मागे कलले तर आधी बॅटरी सरकवावी. ६०० ग्रॅमच्या विमानात १८० ग्रॅमची बॅटरी १ सेंमी. पुढे गेली की गुरुत्वमध्य ३ मिमी. पुढे येतो. नाकात शिसे किंवा नट भरणे हा शेवटचा उपाय, कारण वजन वाढले की लागणारा वेगही वाढतो. आडवा तोल मात्र बरेच जण विसरतात. संक्रांतीचा पतंग कन्नी खाऊ (एका बाजूला कलू) लागला की पोरे दुसऱ्या टोकाला चिंधी बांधतात. इथे हलक्या टोकाला टेपखाली छोटा खिळा चिकटवला की भागते.

पहिल्याच फेकीत विमान आपटले की दोष फेकणाऱ्याच्या माथी जातो. बहुतेक वेळा तो तोलाचा असतो. हातातून सुटताच नाक वर करून, क्षणभर थबकून एका अंगावर कोसळले, तर विमान मागे जड आहे. नाक खाली करून सरळ जमिनीकडे गेले, तर नाक जड, पट्ट्या कमी उचललेल्या किंवा फेक दुबळी. म्हणून मोटर न लावता धुऱ्यावरच्या उंच गवतात दोन-चार वेळा तरंगवून पाहावे. पंधरा-वीस पावले सपाट गेले तर पुढचे धाडस करावे.

अशा पंखाला हवेत टिकायला सेकंदाला साधारण ७ ते ८ मीटर वेग लागतो, त्यातला काही वाटा समोरचा वारा देतो. चिमूटभर माती सोडून वारा पाहावा आणि त्याच्या तोंडावर उभे राहावे. त्याआधी मागून पट्ट्या तपासाव्यात : रिमोटची काडी मागे ओढली की दोन्ही वर, उजवीकडे नेली की उजवी वर, डावी खाली. प्रॉप मागच्या बाजूला असतो, म्हणून फेकणाऱ्याने नाकाजवळ वरून पकडावे, ‘सोड भाऊ’ ऐकल्यावर दोन पावले धावत खांद्याच्या उंचीवरून सपाट, किंचित वर फेकावे. हात निसटल्यावरच चालवणाऱ्याने मोटर द्यावी. चालू प्रॉप बोटे कापतो. एकट्याने फेकणे जमते, पण पट्ट्यांची काडी बहुधा उजव्या हाताखाली असते आणि फेकतोही तोच हात, त्यामुळे पहिल्या उड्डाणाला सोबती हवाच. जड पंख रबरी नळीच्या ताणाने सोडतात. त्यासाठी खुंटा खोल ठोकावा लागतो. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीत तो उपटून अंगावर येऊ शकतो, म्हणून नळीच्या रेषेत न राहता बाजूला उभे राहावे.

जागा आणि वेळ विदर्भात पिकांवर ठरते. सोयाबीन निघून हरभरा पेरायच्या आधीचे वावर, गावची ई-क्लास (गायरान) जमीन, झाडीपट्टीत धान कापल्यावरच्या बांध्या, या उत्तम. पऱ्हाटी (कपाशीची झाडे) उभी असलेल्या वावरात उतरवले की थर्माकोल फाटतो. एप्रिल-मेच्या दुपारी टाळाव्यात. ४५ अंशांत हवा १५ अंशांपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ असते, म्हणजे फेक अधिक जोरात लागते. शिवाय तापलेल्या नांगरटीवर वावटळी उठतात आणि लिथियम बॅटरी उन्हात ठेवणे धोक्याचे. सकाळी ९ च्या आतली हवा शांत. ड्रोन नियम, २०२१ या विमानांनाही लागू आहेत : नजरेच्या टप्प्यातच उडवावे आणि विमानतळाच्या परिसरात परवानगीशिवाय उडवू नये. शेतातून गेलेल्या विजेच्या तारांवर अडकलेले विमान काठीने काढू नये, वीज कंपनीच्या माणसाला बोलवावे.

पहिले उड्डाण उंचावर सरळ नेऊन पाहावे. काडी सारखी मागे ओढून धरावी लागत असेल तर बॅटरी ३-४ मिमी. मागे घेतात, नाक वर-खाली उसळत असेल तर पुढे. ज्या जागी विमान हात सोडल्यावरही सरळ जाते, तिथे बॅटरीच्या पुढच्या कडेला मार्करने रेघ ओढतात, आणि पुढच्या प्रत्येक खेपेला बॅटरी त्याच रेघेला लावली जाते.