जत्रेतील पाळण्यांवरील अपघात : भरपाईचे कायदेशीर मार्ग (कोकण)

आकाशपाळणा, ब्रेकडान्स, टोराटोरा, कोलंबस अशा यांत्रिक खेळण्यांवर जखमी झालेल्या व्यक्तीला, किंवा मृत्यू झाल्यास वारसांना, मिळू शकणारे कायदेशीर उपाय. आंगणेवाडी, कुणकेश्वर यांसारख्या कोकणातल्या जत्रांत पाळणे मोजके दिवस उभे राहतात आणि जत्रा उठली की सुटे होऊन ट्रकने पुढच्या गावाला जातात. कायदे पुरेसे आहेत. पुरावा मात्र पाळण्याबरोबर निघून जातो.

या अपघातांसाठी वेगळे न्यायाधिकरण नाही. पाळणा हे मोटार वाहन नसल्याने मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा चालत नाही. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा नावावरून लागू वाटतो, पण तो घातक पदार्थांमुळे होणाऱ्या अपघातांपुरताच आहे.

सर्वांत सोयीचा मार्ग ग्राहक आयोगाचा. तिकीट काढून पाळण्यात बसलेला माणूस ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक ठरतो. कोणत्या आयोगाकडे जायचे हे मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर सेवेसाठी मोजलेल्या पैशांवर ठरते. त्यामुळे पन्नास रुपयांच्या तिकिटावर वीस लाखांची भरपाई मागितली तरी तक्रार जिल्हा आयोगातच दाखल होते आणि तिकिटाची रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क लागत नाही. तक्रारदार स्वतः राहतो वा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही ती करता येते. शिमग्याला गावी आलेल्या चाकरमान्याला तारखांसाठी मुंबईहून ओरोसला (सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मुख्यालयी) खेपा घालाव्या लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नये.

प्रतिपक्ष निवडताना हमखास चूक होते. फक्त पाळणेवाल्याला प्रतिवादी केले, तर निकाल लागेपर्यंत तो सापडत नाही. मैदानाचा ठेका घेणारा, जागा भाड्याने देऊन पैसे घेणारी समिती आणि विमा असल्यास विमा कंपनी यांनाही सामील करावे. तिकिटामागे किंवा फलकावर ‘आपल्या जबाबदारीवर बसावे’ असे छापले म्हणून चालकाचा निष्काळजीपणा माफ होत नाही. मात्र चालू पाळण्यात उभे राहणे, दांडा उघडणे असे जखमीकडून घडले असेल तर भरपाई त्या प्रमाणात कमी होऊ शकते.

पुराव्याचे काम पहिल्या दिवशीच करावे लागते. खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते. बैठकीचा आडवा दांडा अडकवणारी पिन झिजली की तिच्या जागी बांधणीची तार पिळून काम भागवले जाते. त्या जोडाचा जवळून आणि पूर्ण पाळण्याचा लांबून असे दोन्ही फोटो हवेत. वाळूत किंवा भाताच्या मळ्यात पाया लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेला असेल, तर ठोकळे खचले आहेत का तेही टिपावे. तिकीट हरवले तरी यूपीआयची नोंद चालते. पैसे कोणाच्या नावावर गेले तेही तिच्यातून कळते. रुग्णालयात ‘पडून लागले’ एवढेच न लिहू देता पाळण्याचा उल्लेख करवून घ्यावा आणि वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण (पोलिसांना कळवायचे प्रकरण) म्हणून नोंद झाली का ते पाहावे. पोलिसांकडे पंचनामा पाळणा उतरवण्याआधी व्हावा, अशी लेखी मागणी करून पोच घ्यावी. परवानगी आणि यंत्रतपासणीची कागदपत्रे माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून मागता येतात. उत्तराची मुदत साधारण तीस दिवसांची. तपासणीचा दाखला नसणे हाच तक्रारीतला मोठा मुद्दा ठरतो.

फौजदारी बाजूने १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. यंत्राबाबत हयगय कलम २८९ मध्ये, दुखापत कलम १२५ मध्ये, तर निष्काळजीपणामुळे मृत्यू कलम १०६ मध्ये येतो. शेवटच्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचे कारण चालत नाही. शिक्षा झाली तरी पुरेशी भरपाई मिळेलच असे नाही, म्हणून ग्राहक तक्रार फौजदारी निकालासाठी थांबवू नये.

दिवाणी दावा सावकाश चालतो. मृत्यूच्या प्रकरणात १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्यानुसार पती वा पत्नी, आईवडील आणि मुलांसाठी दावा करता येतो. मुदत दोन वर्षे. सरकारविरुद्ध दावा असेल तर आधी दोन महिन्यांची नोटीस लागते. फुकट बसवलेल्या मुलाच्या बाबतीत ग्राहक असण्यावरच वाद होऊ शकतो, तिथे दिवाणी दाव्याचा हा मार्ग उपयोगी पडतो.

गावकीत मिटवताना औषधपाण्यासाठी काही हजार देऊन ‘आमची तक्रार नाही’ अशा कागदावर सही घेतली जाते. पैसे घ्यावेत, पण पावतीवर ‘उपचार खर्चापोटी अंशतः’ असेच लिहावे. हाड मोडलेल्या मुलाचे अपंगत्व किती राहील हे कित्येक महिने कळत नाही. लोकअदालतीतल्या तडजोडीवर अपील नसते. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

नागाव, काशीद, तारकर्ली इथल्या पॅरासेलिंग, बनाना राइडसारख्या जलक्रीडांनाही ग्राहक तक्रारीचा हाच मार्ग लागू पडतो. त्यांच्या परवान्याची माहिती महाराष्ट्र सागरी मंडळाकडे मागावी.